स्पीड रॅम्पमधले धक्के कसे घालवायचे (प्रीमियर आणि रिझॉल्व्ह, या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरसाठी)

"दादा व्हिडिओ मध्येच अडकतोय, परत पाठव ना." ढोल-ताशा पथकाच्या ग्रुपवर मी आयुष्यातला पहिला स्पीड रॅम्प (एकाच शॉटमध्ये वेग बदलत नेणं) टाकला तेव्हा आलेला हा पहिला रिप्लाय. व्हिडिओ अडकत नव्हता हो, ते माझं स्लो मोशन होतं. ध्वज घेतलेला पोरगा पळत येतो, गिरकी घेतो आणि डोक्यावर ध्वज पूर्ण उलगडतो, बरोबर तिथे मला सगळं संथ करायचं होतं, केलंही होतं, फक्त ३०० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर एका फ्रेममध्ये आणून आदळलं होतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटलं नेट गेलं.

तोच ध्वजाचा शॉट उदाहरणाला घेतो. तुमच्याकडे गोविंदा असेल, कुस्ती असेल, लग्नात अक्षता टाकतानाचा शॉट असेल, गणित सगळीकडे तेच.

पण कर्व्हला (म्हणजे स्पीड कसा बदलतो ते दाखवणाऱ्या रेघेला) हात लावायच्या आधी फूटेज बघा, कारण निम्मे धक्के तिथेच असतात. टाइमलाइन (एडिटची पट्टी) सेकंदाला २५ फ्रेमची धरू. फूटेज ५० फ्रेमचं असेल तर ५० टक्क्यांपर्यंत खरं स्लो मिळतं, १०० चं असेल तर २५ टक्क्यांपर्यंत, १२० चं असेल तर साधारण २१ टक्क्यांपर्यंत (२५ भागिले १२०, बस). त्याच्या खाली गेलात की सॉफ्टवेअर नसलेल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवतं किंवा आहे तीच फ्रेम दोनदा दाखवतं, आणि तो धक्का कुठल्याही कर्व्हने जात नाही. लोक २५ फ्रेमचं फूटेज २० टक्क्यांवर नेतात आणि मग विचारतात कर्व्ह कसा स्मूद करू. नाही होणार.

आणि फोनवाल्यांसाठी. आयफोनचा स्लो-मो कोणी शेअर करून पाठवला असेल तर फोनने त्यात आधीच स्वतःचा रॅम्प भरलेला असू शकतो, त्यावर तुमचा रॅम्प म्हणजे वरणावर आमटी, म्हणून ओरिजिनल फाइलच मागून घ्या. काही अँड्रॉइड फोन १२० ला शूट करून फाइल मात्र आधीच स्लो झालेली ३० फ्रेमची सेव्ह करतात, तशा फाइलमध्ये १०० टक्के म्हणजे चौपट स्लो आणि खरा नॉर्मल स्पीड म्हणजे ४०० टक्के, हे माहीत नसेल तर पुढचे माझे सगळे आकडे चुकणार. शिवाय फोनचा फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो, रॅम्प विनाकारण थरथरतोय असं दिसलं तर आधी हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या. रात्रीच्या मिरवणुकीत अजून एक भानगड आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १२० ला शूट केलं तर स्लोमध्ये उजेड धडधडताना दिसतो. कॅमेऱ्यात १०० फ्रेमचा ऑप्शन असेल तर मांडवात तोच लावा. दिवसा उन्हात काही प्रश्न नाही.

आता मूळ मुद्दा. एसटीत उभ्याने प्रवास केला असेल तर आठवा, नवीन ड्रायव्हर स्टॉपवर ब्रेक दाबतो तो दाबूनच ठेवतो, गाडी थांबते त्या क्षणी सगळे पुढच्याच्या अंगावर. मुरलेला ड्रायव्हर थांबायच्या जरासा आधी ब्रेक हलका सोडतो, गाडी कधी थांबली कळतसुद्धा नाही. ब्रेक दोघांनीही मारलाय, फरक शेवटच्या वारभर अंतरात आहे. व्हिडिओतही तेच. एका फ्रेममध्ये स्पीड बदलला तर तो भिंतीवर आपटणं झालं, ते सगळ्यांना दिसतं. मग आपण दोन कीफ्रेम (स्पीड जिथे बदलतो त्या खुणा) लांब करतो आणि मधे सरळ तिरकी रेघ येते, हे बरं दिसतं पण त्या रेघेला दोन कोपरे असतात, एक सुरू होताना, एक संपताना, आणि डोळ्याला ते कोपरे लागतात. कोपरे गोल करायचे, म्हणजेच रेघेचा एस करायचा, यालाच सगळे कर्व्ह स्मूद करणं म्हणतात.

प्रीमियरमध्ये करताना आधी क्लिप वरच्या एखाद्या मोकळ्या ट्रॅकवर घ्या, पुढे भरपूर जागा सोडून, कारण स्पीड कमी केला की क्लिप लांबते आणि शेजारी दुसरी क्लिप चिकटलेली असेल तर तिथपर्यंतच लांबते, उरलेलं पोटात दडून राहतं आणि तुम्ही म्हणता माझा शेवट कुठे गेला. ट्रॅकची उंची चांगली वाढवा. क्लिपवर राइट क्लिक, शो क्लिप कीफ्रेम्स, टाइम रिमॅपिंग, स्पीड. क्लिपवर एक आडवी रेघ दिसेल, हा तुमचा १०० टक्के. कंट्रोल दाबून (मॅकवर कमांड) रेघेवर क्लिक केलं की कीफ्रेम पडते. कीफ्रेमच्या एका बाजूची रेघ धरून वर ओढली की स्पीड वाढतो, खाली ओढली की कमी होतो. एवढ्यावर सोडलं की ग्रुपवर माझ्यासारखा रिप्लाय येतो.

वरच्या पट्टीत कीफ्रेमचं जे चिन्ह असतं ते खरं तर दोन अर्ध्यांचं बनलेलं असतं. एक अर्धं धरून बाजूला ओढा, दोन्ही फाकतात आणि मधे करडा पट्टा तयार होतो, हा रॅम्प. जितका पट्टा लांब तितका बदल सावकाश. त्या करड्या पट्ट्यात क्लिक केलं की मधोमध निळं हँडल येतं, ते धरून फिरवायचं, तिरकी रेघ एस होताना समोर दिसते. हे हँडल कित्येकांनी वर्षानुवर्षं बघितलेलंच नसतं, कारण ट्रॅक बारीक असला की ते दिसतच नाही. कीफ्रेम जागेवरून हलवायची असेल तर ऑल्ट दाबून ओढा, नुसती ओढलीत तर फाकेल.

इथपर्यंत कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळेल. पण एवढं सगळं करूनही माझा ध्वजाचा शॉट अडकल्यासारखाच दिसत होता, एस एकदम गोंडस आणि तरीही शेवटी कचकन ब्रेक. बरेच दिवस कळेना. शेवटी एक एक फ्रेम पुढे नेत वहीवर आकडे लिहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

समजा ३०० वरून २० वर २० फ्रेममध्ये यायचंय आणि सोपं जावं म्हणून सरळ रेघ धरू. २८० टक्के उतरायचे, म्हणजे दर फ्रेमला १४ टक्के. चौदा फ्रेम झाल्या तरी स्पीड १०४! म्हणजे रॅम्पचा दोन तृतीयांशपेक्षा जास्त भाग संपला तरी पोरगा अजून नॉर्मलपेक्षा किंचित जोरातच पळतोय, आणि नॉर्मलवरून थेट पाचपट स्लो हे सगळं शेवटच्या सहा फ्रेममध्ये, पाव सेकंदात उरकतं. एस केला तर टोकाचा कोपरा गोल होतो पण मधला उतार उलट आणखी उभा होतो, त्यामुळे मूळ दुखणं राहतंच. कारण डोळा टक्क्यांची वजाबाकी करत नाही, तो पट बघतो. ३०० चं १०० झालं तर तिप्पट फरक, १०० चं २० झालं तर पाचपट. आकड्यात पहिला फरक २०० चा आणि दुसरा फक्त ८० चा, पण डोळ्याला दुसराच मोठा लागतो.

म्हणून स्लोच्या बाजूला जास्त फ्रेम द्यायच्या. प्रीमियरमधलं निळं हँडल दोन्ही बाजूंना सारखंच फिरतं, एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असं त्याच्याकडून होत नाही, तेव्हा मधे १०० टक्क्यांवर अजून एक कीफ्रेम टाका. पहिला रॅम्प ३०० ते १०० असा आठ-नऊ फ्रेमचा, दुसरा १०० ते २० असा चौदा-पंधरा फ्रेमचा, आणि दोन्ही एकमेकांना टेकवून ठेवा, मधे फट नको. हँडल मात्र इथे दोन्हीकडे थोडंच फिरवा. पूर्ण फिरवलंत तर १०० वर स्पीड क्षणभर सपाट होतो आणि एकाच्या ऐवजी दोन पायऱ्या जाणवतात. हे एकदा केलं की परत साध्या एका रॅम्पकडे जावंसं वाटत नाही, खरंच करून बघा.

रिझॉल्व्हमध्ये हे जास्त सरळ आहे, मला तरी कर्व्हसाठी तेच आवडतं, फुकटच्या व्हर्जनमध्येही सगळं मिळतं. फक्त टाइमलाइनचा फ्रेम रेट क्लिप टाकायच्या आधी २५ करून घ्या, नंतर तो बदलू देत नाही. क्लिप निवडून कंट्रोल आर, क्लिपवर निळे त्रिकोण आणि १०० टक्के लिहिलेलं दिसेल, शेजारच्या बाणावर ॲड स्पीड पॉइंट. असे पॉइंट टाकून आधी ढोबळ स्पीड ठरवा. मग क्लिपवर राइट क्लिक करून रिटाइम कर्व्ह उघडा. इथे नव्वद टक्के लोक गडबडतात, कारण उघडल्यावर जो कर्व्ह दिसतो तो रिटाइम फ्रेमचा असतो, त्यात चढ म्हणजे स्पीड, सपाट म्हणजे थांबलेलं चित्र, आणि चुकून रेघ खाली वळली की पोरगा उलटा पळायला लागतो. कर्व्हच्या कोपऱ्यातल्या मेनूमधून रिटाइम फ्रेम काढून टाका आणि रिटाइम स्पीड लावा. आता उंची म्हणजे थेट टक्के. पॉइंट निवडा, वर कर्व्हच्या चिन्हाचं बटण आहे ते दाबा, हँडल येतात. ३०० च्या बाजूचं हँडल आखूड ठेवा, २० च्या बाजूचं लांबच लांब ओढा. मुरलेला ड्रायव्हर तो हाच, शेवटी ब्रेक हळूहळू सोडणारा. मधली एक्स्ट्रा कीफ्रेम इथे लागत नाही.

आता स्लो नक्की कुठे बसवायचं. माझ्या मते कर्व्हपेक्षा हे महत्त्वाचं आहे, आणि इथे आकडे माणसाला फसवतात. २० टक्क्यांवर दोन सेकंद स्लो दाखवलं तर प्रत्यक्षातला किती वेळ दिसला? ०.४ सेकंद. म्हणजे ध्वज उलगडायचा क्षण तुम्ही अर्ध्या सेकंदाने चुकवलात तर दोन सेकंद स्लोमध्ये त्या पोराची पाठच दिसणार. माझा पूर्ण शॉट असा होता, ३०० वर एक सेकंद, मग ०.८ सेकंदाचा रॅम्प, २० वर दोन सेकंद, परत वर यायला ०.६ सेकंद आणि १०० वर एक सेकंद. टाइमलाइनवर ५.४ सेकंद झाले आणि त्यात खरा वेळ खर्च झाला सहा सेकंदांच्या आसपास. पहिल्या रॅम्पने एकट्याने सव्वा सेकंदाच्या वर खाल्ला (सरासरी १६० टक्के गुणिले ०.८, सरळ रेघ असो की समसमान एस, सरासरी तीच येते, स्लोच्या बाजूला ताणलात की कमी खातो). म्हणून रॅम्प लांब केला की पुढचं सगळं सरकतं, आणि रॅम्प हलवला की ध्वजाचा क्षण कुठे गेला ते दर वेळी परत बघायचं.

मी काय करतो, तर आधी स्पीड न बदलता ध्वज पूर्ण ताणला जातो ती फ्रेम शोधतो. स्लो त्या फ्रेमवर सुरू करायचं नाही, त्याच्या जरा आधी पूर्ण स्लो झालेलं पाहिजे, ०.४ मधला ०.१ सेकंद आधी आणि ०.३ नंतर असा हिशोब, म्हणजे कापड हवेत उलगडत जाताना दिसतं आणि टोकाला पोचून थरथरतं. बाहेर पडतानाचा रॅम्प ध्वज खाली यायला लागेल तिथे ठेवतो, कारण तिथे ध्वजच आपोआप वेग घेत असतो, तुमची लबाडी त्यात लपून जाते. उलट, स्थिर उभ्या माणसावर रॅम्प लावला तर कितीही गुळगुळीत करा, काही दिसतच नाही, हलणारं काही नसेल तर स्पीड कशाचा बदलला हे कळणार कसं. आणि ढोलाच्या ठेक्यावर बसवायचं असेल तर रॅम्प पूर्ण झाल्यावर अख्खी क्लिप सरकवून ध्वजाची ती फ्रेम ठोक्यावर आणा. ठोक्यासाठी रॅम्प ओढाताण करून लांब-आखूड करू नका, त्यात सगळं केलेलं बिघडतं.

फ्रेम कमी पडल्या तर मग ऑप्टिकल फ्लो, म्हणजे हालचाल बघून मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरनेच बनवायच्या. प्रीमियरमध्ये टाइम इंटरपोलेशन, रिझॉल्व्हमध्ये इन्स्पेक्टरमध्ये रिटाइम प्रोसेस. साध्या मागच्या भिंतीसमोर एक माणूस असेल तर छान चालतं. मिरवणुकीत नाही चालत, टिपरू दुधासारखं वितळतं, ताशाच्या काड्या चार दिसतात, गुलालाचं तर विचारूच नका, ध्वजाची कड मागच्या गर्दीला चिकटून ओढली जाते. अशा वेळी २० चा हट्ट सोडून ४० वर थांबा, कोणी टक्के मोजायला येत नाही.

स्टॅबिलायझर (हलतं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा. प्रीमियरमध्ये वॉर्प स्टॅबिलायझर आणि स्पीड एकाच क्लिपवर चालत नाही, तसा लाल पट्टीत मेसेज येतो, मग सगळे सांगतात नेस्ट कर, म्हणजे क्लिप आतल्या वेगळ्या टाइमलाइनमध्ये (सीक्वेन्समध्ये) गुंडाळ. केलं मी. नेस्ट बनला टाइमलाइनसारखाच २५ फ्रेमचा, आणि १२० चं फूटेज आत असूनही बाहेरून स्लो केल्यावर झटके. दोन तास कर्व्हला शिव्या घातल्या, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तर नेस्ट न करता प्रोजेक्ट पॅनलमधल्या क्लिपवर राइट क्लिक करून न्यू सीक्वेन्स फ्रॉम क्लिप घ्या, तो १२० चाच बनतो, त्यात स्टॅबिलायझर लावा आणि तो सीक्वेन्स मुख्य टाइमलाइनवर आणून त्याच्यावर रॅम्प करा.

आवाज सुरुवातीलाच अनलिंक करून वेगळा ठेवा. प्रीमियरमध्ये टाइम रिमॅपिंग आवाजाला हात लावत नाही, चित्र स्लो होतं आणि ढोल आपला नेहमीच्या वेगाने वाजत पुढे निघून जातो. मी ध्वजाच्या स्लोमध्ये खरा आवाज रॅम्पबरोबरच हळूहळू खाली नेतो, उलगडण्याच्या फ्रेमवर एकच ढोलाचा ठोका ठेवतो, त्याला लांब रिव्हर्ब (घुमणारा नाद), आणि बाहेर पडताना ताशा परत वर. आवाजाचा उतार चित्राच्या उताराइतकाच लांब ठेवला तर रॅम्प आहे त्याहून मऊ वाटतो. सूं करून जाणारा तो रेडिमेड इफेक्ट मात्र नको, प्रत्येक रीलमध्ये तोच आहे.

फोनवर व्हीएन हे एडिटिंग ॲप वापरत असाल तर स्पीडमध्ये कर्व्हचा ऑप्शन आहेच, तयार आकार घेऊन ठिपके सरकवायचे. स्लोच्या बाजूचे ठिपके लांब लांब ठेवायचे, एवढं एक लक्षात ठेवलं तरी काम होतं.

आणि हे सगळं करून प्ले केलं आणि तरी अडकतंय? थांबा, कर्व्ह परत खोलू नका. १२० फ्रेमची फाइल ३०० टक्क्यांवर चालवणं म्हणजे मशीनला सेकंदाला ३६० फ्रेमचा हिशोब, लॅपटॉप धापा टाकतो आणि प्रिव्ह्यू खरंच अडकतो. प्रीमियरमध्ये इन-आउट लावून सीक्वेन्स मेनूमधून रेंडर इन टू आउट करा, रिझॉल्व्हमध्ये रेंडर कॅश स्मार्ट करा, वरची रेघ रंग बदलेपर्यंत चहा घ्या. मी तर तेवढाच दहा सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करून फोनवर टाकतो, आवाज बंद करून बघतो, मग घरात कोणाला तरी काही न सांगता दाखवतो. गेल्या वेळी आईला दाखवला. ती म्हणाली, "ध्वजाची कड उसवलीये बघ, शिवून घ्या म्हणावं त्यांना."